वजनाचा फेरफार

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत वजनाविषयी जे नियम शिकवले जातात, त्यांत एका महत्त्वाच्या नियमाची नोंद राहून गेली आहे, आणि महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या इसमाने ती केली नाही, तर दुसरे कोणी करील असे चिन्ह दिसत नाही. तो नियम असा, की वजन कधीही नाहीसे होत नाही. फार तर एका खातेदाराच्या नावावरून ते कमी होते आणि दुसऱ्याच्या नावावर चढते. शेतजमिनीच्या बाबतीत या व्यवहाराला फेरफार म्हणतात. तलाठी त्याची नोंद करतो, हितसंबंधितांना नोटीस बजावतो, हरकत घेण्यास मुदत देतो आणि मग मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. निसर्गदृश्ये टिपण्यासाठी हलका कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या सद्गृहस्थास मात्र अशी कोणतीही नोटीस मिळत नाही. तो मोठ्या उत्साहाने एकेक ग्रॅम कमी करीत जातो, आणि कमी झालेला प्रत्येक ग्रॅम त्याच्याच सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात मुकाट्याने चढत राहतो.

वजनाची ही तक्रार आजची नव्हे. 1863 साली सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार सिमल्याहून हिमालयात निघाला, तेव्हा काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या आणि ओली पट्टी वाळण्यापूर्वी धुऊन काढण्यासाठी लागणारा अंधारा तंबू वाहून नेण्यास त्याच्याबरोबर सुमारे 30 हमाल होते. छायाचित्रे आजही वाखाणली जातात. हमालांची कैफियत मात्र कोणत्याही दप्तरात दाखल नाही. पुढे जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नॅक नावाचा एक कारागीर होता, त्याला डोंगरदऱ्यांत फिरून चित्रे घेण्याची हौस होती आणि दम्याची व्यथाही होती. हमाल ठेवण्याची ऐपत नसल्यामुळे आणि फुप्फुसांनी सहकार्य नाकारल्यामुळे त्याने 1914 च्या सुमारास सिनेमाच्या फितीवर चालणारा एक चिमुकला कॅमेरा स्वतःसाठी घडवला. तोच 1925 साली लायका या नावाने बाजारात आला. त्या फितीवरील चित्राचे माप 24 बाय 36 मिलिमीटर होते, आणि ते पाहून त्या काळच्या मातब्बर छायाचित्रकारांनी हे खेळणे असल्याचा निकाल दिला होता. आज त्याच मापाच्या संवेदकाला ‘फुल फ्रेम’ असा किताब बहाल झाला आहे आणि त्याहून लहान संवेदक बाळगणाऱ्याकडे समाज जरा कनवाळू नजरेने पाहतो.

माझ्यासारख्या डहाणू रोडसारख्या गावी राहणाऱ्याला छायाचित्रणाचा हा व्यासंग का जडावा, असा प्रश्न मुंबईकर विचारतात. त्यांनी 2013 सालापासून डहाणूपर्यंत येऊ लागलेल्या लोकलने एकदा यावे. पश्चिमेला पारनाका, नरपड, चिखले, बोर्डी असा सुरूच्या बनांनी झाकलेला सपाट किनारा. मधल्या पट्ट्यात ज्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या चिकूच्या दाट वाड्या. पूर्वेला चारोटीकडून दिसणारे महालक्ष्मीचे शिखर, ज्यावर चैत्रातील यात्रेत ध्वज चढतो. आणि त्याहीपलीकडे गंभीरगड. हा देखावा अद्याप शिल्लक आहे याचे श्रेय आम्हा रहिवाशांच्या रसिकतेस देण्याचे कारण नाही. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला व उद्योगांना 500 एकरांची मर्यादा घातली, आणि पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने तिच्यावर पहारा ठेवला. सरकारी कागदाने एखादे निसर्गदृश्य वाचवल्याचा हा दुर्मीळ दाखला असल्यामुळे, खात्याच्या एका माजी सेवकाने त्या दृश्याचा रीतसर पंचनामा करावा, हे मला ओघानेच आले.

कॅमेऱ्याच्या मसलतीसाठी पुण्याहून भाचा आला. हल्लीची भाचेमंडळी मामाच्या घरी आंबे-चिकू खाण्यास येत नसून मामाचे अज्ञान दूर करण्यास येतात. त्याने प्रथम जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याचा मुकदमा निकालात काढला. त्या यंत्रात भिंगातून आलेली प्रतिमा डोळ्यापर्यंत पोचवण्यासाठी एक आरसा तिरपा बसवलेला असे आणि प्रत्येक चित्राच्या वेळी तो खाडकन वर उचलला जाई; आरशाला हालचालीसाठी जागा हवी म्हणून भिंगाची बैठक संवेदकापासून दूर ठेवावी लागे. निकॉनच्या जुन्या बैठकीत हे अंतर 46.5 मिलिमीटर होते; आरसा गेल्यावर नव्या बैठकीत ते 16 मिलिमीटरवर आले. 2008 साली पॅनासॉनिकने असा पहिला कॅमेरा आणला, आणि त्यानंतर एकेक कंपनीने आपापल्या आरशाला सेवानिवृत्त केले. “मामा,” भाचा म्हणाला, “निकॉनचा डी 850 बॅटरीसकट 1005 ग्रॅम. सोनीचा ए 7 सी 509 ग्रॅम. संवेदक त्याच मापाचा. वजन निम्मं!”

निम्मे वजन हे शब्द ऐकताच माझ्या गुडघ्यांनी हर्षाने एकमेकांकडे पाहिले. परंतु आमच्या घरात निकाल एकतर्फी लागत नाहीत. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातील तो काटा आणून ठेवला ज्यावर उपवासाची भगर आणि दिवाळीचा रवा यांचीच आजवर मोजणी होत आली आहे, आणि भाच्याच्या झोळीतील एकेक वस्तू त्यावर ठेवण्याचे फर्मान सोडले. कॅमेरा ठेवला, काटा भाच्याच्या बाजूने बोलला. मग 70-200 चे ते पांढरे, लांबलचक भिंग ठेवले.

“1480,” सौभाग्यवतींनी आकडा वाचला. “म्हणजे दीड किलो. आणि डबा किती म्हणालास? अर्धा किलो. अहो, हे तर नाकापेक्षा मोती जड.”

“मामी, ते जुनं भिंग आहे. नवं 1045 ग्रॅमचं आलंय.”

“आणि पैसे?”

भाच्याने पैशांचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मला निवृत्तिवेतन खात्याच्या औदार्याविषयी नव्याने विचार करावासा वाटला. येथेच फेरफाराची पहिली नोंद माझ्या लक्षात आली. आरसा गेल्याने डबा सडपातळ होतो हे खरे. परंतु 24 बाय 36 च्या संवेदकावर कडेपासून कडेपर्यंत उजेड पोचवायचा, आणि तोही मोठ्या छिद्रातून, तर काच लागते ती लागतेच. प्रकाशशास्त्र कोणत्याही कंपनीचे नोकर नाही. म्हणून डब्यावरून जे वजन उतरते ते भिंगावर चढते. भिंगावरून उतरवावे तर पैशाच्या पिशवीवर चढते, आणि पैशाची पिशवी हलकी झाली की घरातील वातावरण जड होते, ज्याचे माप घेणारा काटा अद्याप निघालेला नाही.

बॅटरीची गोष्टही तीच. आरसा होता तोवर दृश्य पाहण्यास वीज लागत नसे. आता डोळ्यासमोर एक चिमुकला पडदा अखंड जळत असतो. डी 850 एका बॅटरीत प्रमाणित चाचणीनुसार 1840 चित्रे घेतो, तर लहानखुरे आरसाविरहित कॅमेरे 300 च्या आसपास दमतात. सबब खिशात दोन बॅटऱ्या जादा ठेवणे आले.

तिपाईचा अध्याय तर पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे. भाच्याने कार्बन तंतूंची एक तिपाई आणली होती, जी उचलताना हातात काही आहे अशी शंकाही येत नसे. नरपडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ती उभी केली आणि समुद्राकडून येणारा नेहमीचा वारा सुरू होताच ती नववधूसारखी थरथरू लागली. भाचा शांतपणे म्हणाला, “म्हणूनच मधल्या दांड्याला खाली आकडा दिलेला असतो. त्याला वजन टांगायचं.” वजन कशाचे टांगायचे याचा शोध घेता घरी न्यावयाच्या चिकूंची पिशवी हाती लागली. अशा रीतीने, ग्रॅमाग्रॅमाने वजन कमी करण्यासाठी हजारो रुपये खर्चून घेतलेल्या त्या उपकरणाला अखेर पाच किलो चिकूंचा जामीन द्यावा लागला, आणि त्याने तो बिनतक्रार पतकरला.

पण किनाऱ्यावरचा खरा धडा भिंगांनी दिला. निसर्गचित्र म्हणजे रुंद कोनाचे भिंग, असा एक संकेत रूढ आहे, आणि भाच्याने त्यानुसार 16 मिलिमीटरचे भिंग चढवले. आमचा किनारा अतिशय सपाट असल्यामुळे ओहोटीला समुद्र इतका दूर जातो की त्याला परत बोलावण्यास माणूस धाडावा असे वाटते. त्या भिंगातून जे चित्र निघाले त्यात अर्धी वाळू होती, अर्धे आकाश होते, आणि औष्णिक वीज केंद्राची 275 मीटर उंचीची चिमणी, जिच्या खाली उभे राहिल्यावर टोपी सांभाळावी लागते, ती क्षितिजावर कोणी टाचणी विसरून गेल्यासारखी दिसत होती. रुंद भिंगाला समोर जवळच काहीतरी भरीव लागते: खडक, होडी, निदान एखादा खेकडा. डोंगराच्या देशात ते आपोआप मिळते. आमच्या सपाटीला दृश्य गोळा करून जवळ आणणारे लांब भिंगच मानवते. तेच ठिकाण 100 ते 150 मिलिमीटरमधून पाहिले तेव्हा सुरूची रांग, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, त्यांच्यामागे एकावर एक सरकत आलेले ओल्या वाळूचे चकाकणारे पट्टे आणि त्यातून पाण्याकडे निघालेली दोन माणसे, असे सगळे पोटात घेणारे चित्र उभे राहिले. भूमी पाहून बी निवडतात त्याप्रमाणे भूमी पाहून भिंग निवडावे आणि मगच त्याला कॅमेरा जोडावा. आपण मात्र वरात आधी काढतो आणि स्थळ मागाहून पाहतो.

बोंबील उलटणाऱ्या एक वयस्क बाई आमचा हा समारंभ बराच वेळ पाहत होत्या. तिपाईला टांगलेल्या चिकूंनी त्यांची विशेष करमणूक केलेली दिसली. उद्या पाणी किती वाजता हटेल, असे भाच्याने फोनमध्ये शोधण्यास सुरुवात करताच त्यांनी विचारले, “आज तिथी कोणती?” आणि उत्तराची वाट न पाहता वेळ सांगितली. कोकणच्या सगळ्या किनाऱ्यावर हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: तिथीची पाऊणपट करावी, की भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या पुढे. त्यापासून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे सूर्यास्त आणि ओहोटी जवळपास एकाच वेळी गाठ घेतात, मैलभर ओली वाळू आरशासारखी पसरते, आणि कॅमेऱ्यातून हद्दपार झालेला तो आरसा निसर्ग स्वखर्चाने जमिनीवर मांडून देतो. अष्टमीला त्याच वेळी तेथे गेल्यास भरतीच्या लाटा मिळतात. तिथीचे हे गणित म्हणजे छायाचित्रकाराच्या झोळीतील एकमेव वस्तू, जिला खरोखर वजन नाही.

तेव्हा समस्त जाबजबाब विचारात घेता निकाल असा. ज्याला दिवाणखान्यात हत्तीएवढे चित्र लावायचे नाही, त्याने फुल फ्रेमच्या किताबाचा लोभ धरू नये. लहान संवेदकाचा, ज्याला मायक्रो फोर थर्ड्‌स म्हणतात असा, ओएम 5 सारखा कॅमेरा बॅटरीसकट 414 ग्रॅम. त्याला 12-45 चे भिंग 254 ग्रॅम. आणि 40-150 चे साधे भिंग 190 ग्रॅम. एकूण 858 ग्रॅम, म्हणजे डी 850 च्या नुसत्या डब्यापेक्षा कमी, आणि त्यात जुन्या हिशेबाने 24 पासून 300 मिलिमीटरपर्यंतचा सगळा मुलूख येतो. त्याचे 20 मेगापिक्सेलचे चित्र 17 बाय 13 इंचांपर्यंत उत्तम छापले जाते. आमच्या भिंतीवर कॅलेंडर उतरवल्याखेरीज याहून मोठी जागा नाही, आणि तिथीसाठी ते उतरवता येत नाही. छिद्र एफ/5.6 ते एफ/8 च्या दरम्यान ठेवावे. त्यापलीकडे लहान संवेदकावर प्रकाशच पसरून धार बोथट करतो. अंधार पडल्यावर मोठा संवेदक सरस ठरतो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण थरथर सावरण्याची सोय डब्यातच असल्याने पुष्कळदा तिपाई, आणि पर्यायाने चिकू, घरी ठेवता येतात. पावसाळ्यात भिंगे सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावी, कारण आमच्या दमट हवेत बुरशीला काचेची विशेष आवड आहे आणि ती भिंगाची किंमत विचारीत नाही.

राहता राहिली मुदतीची बाब. वाढवण येथे होऊ घातलेल्या मोठ्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आहे. कोणत्या कंपनीचे भिंग कोपऱ्यात किती धारदार, यावर वाद घालण्यास आयुष्य पडले आहे; किनाऱ्याला मात्र तेवढी सवड दिली जाईल असे कागदपत्रांवरून दिसत नाही. म्हणून वाचकांस विनंती, की जो कॅमेरा घरात असेल तो, आणि नसेल तर नुसते डोळे घेऊन, येत्या हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपासची एक संध्याकाळ पाहून डहाणूची लोकल पकडावी. तिकिटाला पैसे कमी पडत असतील, तर एक भिंग कमी घ्यावे.