अप्पांचं पथ्यपाणी

अप्पांना कबुतरं आवडत नाहीत. हे ते आजही ठणकावून सांगतात. फक्त सांगताना त्यांच्या एका हातात सिरिंज असते आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत कबुतराचं पिल्लू.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कबुतरांविरुद्ध जे जे झालं, ते अप्पांनीच केलं. गच्चीवर दाणे टाकले तर पाचशे रुपये दंड, प्रत्येक बाल्कनीला सक्तीची जाळी, जाळीला भोक पाडलं तर दंड वेगळा. सगळे ठराव सेक्रेटरी म्हणून त्यांच्या सहीचे. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून रस्त्यात रणं माजली, तेव्हा अप्पा रोजची कात्रणं नोटीस बोर्डावर डकवत होते. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुफ्फुसं कायमची निकामी होऊ शकतात, या वाक्याखाली त्यांनी लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. वाक्य खरंच आहे, आणि अप्पांचा त्यावर अजूनही विश्वास आहे. पिल्लाला भरवताना ते मास्क लावतात.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. तत्त्वाला पक्का, पण तत्त्वाला एकदा पोटदुखी सुरू झाली की त्याचं काही खरं नाही.

एसीची सर्व्हिसिंग करायला आलेल्या पोराने बाहेरच्या युनिटमागून घरटं काढलं आणि अप्पांच्या हातात ठेवलं. घरटं म्हणजे खराट्याचे पाच-सहा हीर, एक वायरचा तुकडा आणि उरलेली सगळी श्रद्धा. त्यात दोन पिल्लं. अंगावर पिवळे विरळ केस, डोळे धड उघडलेले नाहीत, चोच चेहऱ्याला न शोभणारी. अप्पांनी नियमाने ते घरटं एका खोक्यात घालून पुन्हा बाहेरच्या कठड्यावर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत पडद्याआडून पाळत ठेवली. आईबापांपैकी कोणी फिरकलं नाही. दिवेलागणीला खोकं आत आलं. धाकटं त्याच रात्री गेलं. अप्पांच्या वहीत त्याच्या रकान्यात एकच आकडा आहे.

वही होतीच. अप्पा वैधमापन खात्यातून निवृत्त झालेले. वाण्यांच्या तराजूचे पासंग काढण्यात हयात गेली. घरात कोणी आजारी पडलं की आधी वजन करायचं, मग विचारपूस, हा त्यांचा क्रम. थोरल्याचं वजन पहिल्या सकाळी ६८ ग्रॅम भरलं, तेही त्यांच्या बायकोच्या, माईंच्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. त्या काट्यावर पुन्हा रवा मोजायला माईंनी साफ नकार दिला, आणि नवा काटा आला.

पहिल्या रात्री माईंनी शास्त्राप्रमाणे गाईचं दूध कोमट करून कापसाचा बोळा तयार ठेवला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवरच तो बेत हाणून पाडला. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, पाव भिजवून घालू नका, चोचीत पाणी तर अजिबात ओतू नका, ते श्वासनळीत जातं आणि पिल्लू दगावतं. "पण कबुतरं पिल्लांना दूध पाजतात, असं मी वाचलंय," अप्पा म्हणाले. ते नावाचंच दूध, डॉक्टरांनी सांगितलं. गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते, तिच्या अस्तराच्या पेशी सुटून दाटसर, पांढुरका ऐवज तयार होतो. प्रथिनं आणि चरबी ठासून, साखर जवळपास नाहीच. आणि तो नर आणि मादी दोघंही पाजतात.

या शेवटच्या वाक्याने अप्पांना पछाडलं. त्यांनी पुढे बरंच वाचलं. बाळंतिणीला दूध आणणारं प्रोलॅक्टिन कबुतराच्याही गळ्यात हेच काम करतं. या संप्रेरकाला ते नाव १९३० च्या दशकात मिळालं, आणि नमुन्यात ते किती आहे हे मोजायची त्या काळातली पद्धत म्हणजे कबुतराच्या गळ्याची पिशवी किती वाढली ते बघणं. "म्हणजे कबूतर हे प्रमाणित मापक होतं!" अप्पा मला जिन्यात गाठून म्हणाले. ज्या प्राण्याला ते इतकी वर्षं उपद्रव समजत होते, तो त्यांच्याच खात्यातला निघाला होता.

भरवणं हा वेगळाच प्रकार. चिमणीचं पिल्लू चोच वासून बसतं, आपण घास टाकायचा. कबुतराचं पिल्लू चोच वासत नाही. ते आईबापाच्या तोंडात स्वतःची चोच खुपसतं आणि आतून ओरपतं. म्हणून जाड सिरिंजचं टोक कापायचं, त्या तोंडावर चिकटपट्टीचं ताणलं जाणारं बँडेज बसवायचं, त्याला मधोमध चीर द्यायची आणि त्या चिरेत पिल्लाने चोच घालायची. आत पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीची पातळ लापशी, चाळीस अंशांच्या आसपास. त्याहून थंड असली तर पचनाची बोंब, फार गरम झाली तर गळ्याची पिशवी आतून भाजते. अप्पा थर्मामीटर बुडवून बघत. तो थर्मामीटर पूर्वी माणसांचा होता, हे त्यांच्या घरी ताप आलेल्या पाहुण्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. चिरेत चोच गेली की पिल्लू सगळं अंग घुसळून अशी काही झोंबी घेई की निम्मी लापशी पोटात आणि निम्मी अप्पांच्या चष्म्यावर.

ऊब द्यायला त्यांना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब हवा होता. एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही. असा बल्ब शोधत त्यांनी डोंबिवलीतली इलेक्ट्रिकची दुकानं पालथी घातली, शेवटी मिळाला तो एका भंगारवाल्याकडे. आणि ज्या रात्री वीज गेली, त्या रात्री बल्बही गेला.

सकाळी पिल्लू गार पडलेलं. अप्पांनी काय केलं असेल? दुसरा कोणताही मराठी माणूस जे करील तेच. खायला घातलं. गार पिल्लाचं पचन बंद असतं. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, हा क्रम डॉक्टरांनी दोनदा सांगितला होता. पण लेकराला बरं नाही आणि उपाशी ठेवायचं, हे आपल्या रक्तात बसत नाही. दुपारपर्यंत गळ्याची पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लोंबायला लागली, दाबली तर आत खळखळ, आणि चोचीतून आंबूस वास. रात्रीतून रिकामी व्हायला हवी ती पिशवी दुसऱ्या सकाळीही तशीच. आमचे डॉक्टर गावाला गेलेले. म्हणून अप्पा, मी आणि भोकं पाडलेला मिठाईचा खोका असे तिघं परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला निघालो.

पिल्लाचं तिकीट लागतं का, हे अप्पांनी खिडकीवर विचारलं. "मिठाई आहे ना? जावा," आतून उत्तर आलं. "मिठाई नाही, कबूतर आहे," अप्पा म्हणाले. मी त्यांना ओढून फलाटावर नेलं.

स्लो लोकल, गर्दी उतरलेली. मुंब्र्याच्या आत समोरच्या माणसाने खोक्याचा वास ओळखला. "काय झालंय?" अप्पा म्हणाले, "अपचन." आणि डबा जागा झाला. पोटाचा विषय निघाला की मराठी माणूस परका राहत नाही. कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेतलेल्या एक मावशी म्हणाल्या, "हिंग कालवा पाण्यात आणि बेंबीभोवती लावा, तासाभरात मोकळं होईल." अप्पांनी झाकण किंचित उघडलं, चष्मा सरकवला, बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बेंबी दिसत नाही." खिडकीतल्या आजोबांनी मुरुडशेंग सहाणेवर उगाळायला सांगितली, सात वेढे, जास्त नाही. एकाचं मत वेखंडाला पडलं. कळव्याला चढलेल्या तरुणाने गॅस आहे म्हणून खांद्यावर घेऊन थोपटायची सूचना केली आणि स्वतःच्या तान्ह्या मुलीचा अनुभव पुराव्याला दिला. मुलुंड येईतो सगळा डबा त्या पिल्लाच्या पोटात शिरला होता. मला सर्वांत नवल वाटलं ते हे, की कबूतर कशाला पाळता, असं एकानेही विचारलं नाही.

हॉस्पिटलात पिल्लाच्या घशात बॅटरी मारून बघितली. कबुतरांच्या घशात पिवळा, चिवट थर धरणारा एक आजार असतो, तो नव्हता. हे बुरशीचं आंबणं होतं. खाणं बंद, ऊब चालू, थोडं थोडं क्षारांचं पाणी आणि बुरशीवरचं औषध वजनानुसार. "वजन किती?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न आपल्याला कोणीतरी विचारावा म्हणून अप्पा जन्मभर थांबले होते. "९२ ग्रॅम. सकाळी सातला, उपाशीपोटी."

"उपाशीपोटी कुठलं? कालचं सगळं पिशवीतच आहे. ते वजा करा."

अप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. खोक्याचं वजन धरून पेढे विकणाऱ्या किती हलवायांवर त्यांनी याच कलमाखाली खटले भरले असतील.

पिल्लू सुधारलं, आणि ती बातमी प्रथम शेपटीकडून आली. इथून पुढचे काही आठवडे अप्पांशी दुसऱ्या विषयावर बोलणं अशक्य झालं. निरोगी कबुतराची शी कशी असते, हे आता आमच्या इमारतीतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे: गडद, घट्ट वेटोळं आणि वर पांढरी टोपी. पांढरं ते मूत्राम्ल. पक्ष्यांचे दोन्ही व्यवहार एकाच दाराने होतात. पाणी जास्त आणि रंग हिरवा झाला तर समजायचं, एकतर उपासमार नाहीतर संसर्ग. सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे एरवी पंप आणि पार्किंग यापलीकडे मजकूर नसतो, तिथे सकाळी सात दहाला फोटो येई. खाली मजकूर: "घट्ट. टोपी आहे." त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी न चुकता हात जोडून सुप्रभात म्हणत. अप्पांचा मुलगा पुण्यात असतो. "इतक्या वर्षांत बाबांनी मला इतकं विचारलं नाही," असं तो एकदा म्हणाला. त्यावर माईंनी, "तुझंही विचारत होते, तू तेव्हा वर्षाचा होतास," असं सांगून विषय मिटवला.

पंख फुटले तसा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. गोठवलेला मटार कोमट पाण्यात सैल करून एकेक दाणा भरवायचा, मग ज्वारी, बाजरी, मूग ताटलीत टाकून स्वतः टिपायला शिकवायचं. कबूतर दाणा सोलत नाही, अख्खा गिळतं, आणि पोटातल्या खड्यांनी दळतं. म्हणून अप्पांनी वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. शिकवणं म्हणजे निवृत्त निरीक्षक सतरंजीवर मांडी घालून बसलेला आणि तर्जनीने ज्वारीवर टकटक करतोय, पिल्लू त्याच्या बोटाकडे बघतंय. पाणी प्यायला मात्र शिकवावं लागलं नाही. बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात. कबूतर चोच बुडवून सरळ ओढून घेतं. "बघ, सांडत नाही," अप्पा म्हणाले. एकटं वाढलेलं पिल्लू माणसालाच आपला समजतं, म्हणून त्याच्याशी फार बोलू नका, पिंजरा बाहेरची कबुतरं दिसतील असा ठेवा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. अप्पांनी तो पाळला. माईंनी त्याला बंड्या अशी हाक मारायला सुरुवात केली, तेव्हा ते चिडून म्हणाले, "नाव ठेवू नकोस." वहीत मात्र नाव बदललं होतं.

आता सोडायचं तर खिडकीला जाळी. जाळीला भोक पाडायला परवानगी लागते आणि परवानगी सेक्रेटरी देतात. अप्पांनी सेक्रेटरींना रीतसर अर्ज लिहिला, सेक्रेटरींनी तो कमिटीपुढे ठेवला, अर्जदार मतदानाच्या वेळी बाहेर जाऊन उभे राहिले. अर्ज मंजूर, दंड पाचशे रुपये. पावती अप्पांनी अप्पांना फाडून दिली. बंड्या बाहेर पडला, समोरच्या विंगच्या टाकीवर बसला आणि दोन दिवसांत तिथल्या थव्यात असा मिसळला की माईंनाही ओळखता येईना.

पुढच्या मीटिंगला तळमजल्यावरचे गृहस्थ मोबाइलवर फोटो घेऊन आले. त्यांच्या नव्या गाडीच्या काचेवर ताजा ओघळ होता. "सेक्रेटरींनीच पोसलेलं आहे, गाडी त्यांनी धुवून द्यावी," असा त्यांचा ठराव. कमिटीने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी फोन मागून घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवून निरखला आणि परत दिला.

"ही आमच्याची नाही," ते म्हणाले. "आमच्याची घट्ट असते."