नुसतं बसायला

बर्लिनमधल्या आमच्या कंपूत समुद्र या विषयाचा अधिकार माझ्याकडे आहे. तो कुणी दिलेला नाही, मीच घेतला. एक नागपूरकर, एक सांगलीकर, एक पुणेकर आणि गुहागरचा मी एकटा. निवडणूक बिनविरोधच झाली. वार्नेम्युंडला जायचं ठरल्यावर तिकिटं, खोली, हवामान असली किरकोळ कामं बाकीच्यांनी घेतली. मी म्हटलं, "समुद्राचं माझ्यावर सोडा."

शनिवारी सकाळी पुळणीवर पाय ठेवल्याठेवल्या मी मोबाईलवर पंचांग उघडलं. "तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. आत्ता साडेनऊ, म्हणजे पाणी उतरतंय. चपला पुढे ठेवायला हरकत नाही." हे मी इतकं सहज बोललो की सांगलीकराने खरंच सगळ्यांच्या चपला उचलून पुढे नेऊन ठेवल्या.

बारा वाजले. सहाही वाजले. पाणी होतं तिथेच. वार्नेम्युंडचा समुद्र म्हणजे बाल्टिक, चहूबाजूंनी जमिनीने कोंडलेला. बाहेरच्या समुद्राशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांपुरता. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. हे नागपूरकराने मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "काय बे, हा तर आपला अंबाझरी तलाव झाला!"

मी ओंजळभर पाणी चाखलं. अळणी. महासागराच्या निम्म्याहूनही कमी मीठ. "हा समुद्रच नव्हे," असा निकाल मी दिला. अळणी पाण्यात मी पोहत नाही, असा पोटनियमही लगोलग केला, कारण पाणी अठरा अंशांवर होतं आणि गुडघ्यांच्या वर जायला माझी हिंमत होत नव्हती. जेवताना, 'किनाऱ्यावरच्या माणसाला मासळी कशी धरायची ते शिकवावं लागत नाही' हे वाक्य पुरं व्हायच्या आत एका कुरवाने माझ्या पावातला हेरिंग उचलला. पाव ठेवला. पुणेकर म्हणाला, "तो स्थानिक आहे."

पण मला सांगायचंय ते खुर्चीबद्दल.

जर्मन किनाऱ्यावर श्ट्रांडकोर्ब नावाची चीज असते. वेताची विणलेली, दोन माणसं बसतील एवढी, डोक्यावर छप्पर असलेली टोपली. आतून पट्ट्यापट्ट्यांचं कापड, पाठ मागे कलते, पायाखालून पाय ठेवायला पाट ओढून काढता येतात, हाताशी कप ठेवायला इवलीशी फळी. मागे मोठ्या अक्षरांत नंबर, रात्री समोर लाकडी जाळी लावून कुलूप. भाडं दिवसाला पंधरा-एक युरो. हिचा जन्म तिथलाच, शेजारच्या रोस्टोकचा. १८८२ साली फॉन माल्टझान नावाच्या एक वयस्क, संधिवाताने बेजार झालेल्या बाई विल्हेल्म बार्टेलमान या टोपल्या विणणाऱ्याकडे गेल्या. मला समुद्रावर बसायचंय, वारं लागणार नाही असं आसन करून दे, म्हणाल्या. त्याने दिलं. ते एकटीपुरतं होतं. मग दोघांचं केलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने वार्नेम्युंडला ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. धंद्याचं डोकं बायकोचं, हे वेगळं सांगायला नको. बार्टेलमानने पेटंट मात्र कधी घेतलं नाही. २००७ साली जवळच्याच हायलिगेनडामला जी-८ परिषद झाली, तेव्हा मर्केलबाईंनी बुश, पुतिन वगैरे मंडळींना अशाच एका लांबलचक टोपलीत ओळीने बसवून फोटो काढून घेतला. जग कसं चालवावं यावर त्यांचं एकमत झालं की नाही कोण जाणे, पण वारं कुणाला लागलं नसणार.

आणखी एक गंमत. वार्नेम्युंडला समुद्र उत्तरेला. ऊन दक्षिणेचं. त्यामुळे शेकडो टोपल्या समुद्राकडे पाठ करून गावाकडे तोंड! पैसे भरून, वर पर्यटककर देऊन, माणसं डोळे मिटून हॉटेलांच्या दिशेने बसलेली. ही कुचेष्टा मला सहन झाली नाही. मी एकट्याने आमची टोपली ढकलत, धापा टाकत उलटी फिरवली आणि समुद्रासमोर, सावलीत, तोंडावर वारं घेत बाणेदारपणे बसलो. तासाभराने शिंका सुरू झाल्या.

त्या शिंकांच्या मध्येच आईचा फोन आला. तिकडे दिवेलागण झाली असेल.

"सर्दी कशाने झाली?"

"समुद्रावर आलोय आम्ही."

"काय काम काढलंस?"

"काम नाही गं. बसायला."

"नुसतं बसायला? आणि बसायचे पैसे घेतात?" ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

आमच्या घराचं मागचं दार वाडीत उघडतं. विहीर, पोफळी, माड, मग सुरू, आणि पलीकडे सहा किलोमीटरची पुळण. चालत पाच मिनिटं. लग्न होऊन आल्यापासून आई रात्रंदिवस ती गाज ऐकतेय. पाऊस किती लांब आहे ते ती गाजेवरून सांगते. पण समुद्रावर ती जाते गणपती पोचवायला, किंवा पुण्याचे पाहुणे आले की त्यांना दाखवायला, आणि तेव्हाही हातात त्यांच्या पोरांच्या चपला. हात रिकामे ठेवून, स्वतःसाठी, पाण्याकडे बघत बसलेली मी तिला पाहिलेली नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं, आणि कुणी 'चल' म्हटलंही नव्हतं. आता गुडघे वाळूत रुततात म्हणून ती वाडीच्या गडग्यापाशीच थांबते. रोस्टोकच्या बाईंना संधिवात झाला, तर त्या थेट कारागिराकडे गेल्या. आमच्याकडे गुडघे दुखले की बाई तेल चोळते आणि ओल्या सुपाऱ्या वाळत घालते. मला राग आला. कुणाचा, ते नीट ठरवता आलं नाही.

तेव्हा चिपळूण-गुहागर पट्ट्यात वेताचं काम करणारा कुणी चांगला बुरूड माहीत असेल तर कृपया कळवावं. पेटंटची भानगड नाही. बाईंची उंची पाच फूट, बैठक जरा उंच हवी, पाय ठेवायला पाट हवेतच. रुंदी दोघांची धरावी. गुहागरला समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे तोंड कुठे करायचं हा प्रश्न संध्याकाळी तरी येणार नाही.