पुढच्या आवृत्तीत नक्की

लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजात केऑब्जेक्ट या कर्नलच्या अंतर्गत डेटा-रचनेविषयी एक कडक नियम आहे: त्याची मेमरी गरजेच्या वेळी मागून घ्यायची. कोडमध्ये त्याला स्थिर जाहीर करायचं नाही, स्टॅकवर तर मुळीच ठेवायचं नाही. त्याचे संदर्भ मोजले जातात आणि शेवटचा संदर्भ कोण कधी सोडेल याचा नेम नसतो. फंक्शन संपलं की स्टॅकवरचा ऑब्जेक्ट गेला, मॉड्यूल उतरवलं की त्यातला स्थिर ऑब्जेक्ट गेला. संदर्भ धरून बसलेल्याची गत मग सातबाऱ्यावर नाव आणि जमीन धरणाखाली अशी.

त्याच पानावर आश्वासन आहे की भावी आवृत्त्या ही चूक कर्नल चालू असतानाच पकडतील आणि इशारा देतील. हे ‘भावी’ वर्षानुवर्षं भावीच राहिलं. आपल्याकडचे जाहीरनामे निदान दर पाच वर्षांनी नव्याने छापतात तरी!

मग कुणी उत्साही खरोखर पॅच लिहितो. ऑब्जेक्टचा पत्ता स्थिर डेटाच्या हद्दीत पडतो का, एवढंच पाहायचं. पण तपासणी सुरू होताच घरचेच सापडतात. एआरएमच्या जुन्या बोर्ड फाइलींत प्लॅटफॉर्म डिव्हाइस रांगेने स्थिर जाहीर केलेले, आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक केऑब्जेक्ट. अशा वेळी पॅचच्या परीक्षकाला नियमापेक्षा लॉगच्या स्वच्छतेची काळजी जास्त वाटू लागते. इशारा जरा हळू द्या, डीबगच्या पर्यायामागे ठेवा आणि तो पर्याय मुळात बंदच असू द्या. बाकी पॅच छान आहे.