सिंदखेडराजाचा बिनपगारी गाईड

माझ्या चेहऱ्यात चौकशी-खिडकीचा काहीतरी अंश आहे. एस.टी. स्टँडवर अनोळखी माणसं मलाच विचारतात, ‘मेहकरची गाडी लागली का?’ परक्या लग्नात आचारी येऊन मिठाचं विचारून जातो. म्हणून सिंदखेडराजाला निघताना मुद्दाम गबाळा शर्ट घातला. उपयोग शून्य.

लखुजीराव जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, सगळेच बघतात. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, तर तिथे मुंगी शिरायलाही जागा नसते. मला वाड्यापलीकडचं गाव बघायचं होतं. पुतळा बारवेच्या पायऱ्यांवर कोरीव मूर्ती न्याहाळत होतो, तेवढ्यात वरून हाक आली, “गाईडसाहेब, सहल खोळंबली ना राजेहो!”

वर शाळेची पन्नासएक पोरं आणि घामाघूम मास्तर.

“मी गाईड नाही हो.”

“सगळे आधी असंच म्हणतात. काय घ्याल बोला.”

मी बोलेपर्यंत अर्धी पोरं खाली उतरलीसुद्धा. “अंदर पडलं त कोन काढते?” हा पहिला ऐतिहासिक प्रश्न. मोती तलावावर मी दगडी बांधाचं कौतुक करतोय, तोवर तिघं चपला धुवायला पाण्याशी. रंगमहालात शहाजीराजे-जिजाऊंच्या सोयरिकीची, रंगपंचमीची कथा सांगितली. पोरांनी तिचं प्रात्यक्षिक बाटलीतल्या पाण्याने केलं. बहुतेक माझ्यावरच.

लखुजीरावांच्या समाधीपाशी मात्र मीच वैतागून घडाघडा बोलून टाकलं : १६२९, देवगिरी, निजामशहाचा दरबार, दगा, लखुजीराव, दोन मुलं आणि एक नातू, सगळे एकाच दिवशी कापले गेले.

दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, “मंग जिजाऊले कोनं सांगतलं?”

घटना जुलैमधली. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०चा. म्हणजे जिजाऊंना तेव्हा नुकते दिवस गेले होते. बाप, भाऊ, भाचा. आणि पोटात ते पोर. इतकी वर्षं सनावळ्या पाठ करून हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. “माहीत नाही गं बाई,” एवढंच म्हणालो. तिने वहीत तेच उतरवून घेतलं.

“चला, लोणार गाठायचंय!” मास्तरांनी माझ्या हातात शंभराची नोट कोंबली आणि व्हाउचर पुढे केलं. त्यावर ‘मार्गदर्शक मानधन रु. २००’.

“वरचे शंभर?”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना, गाईड नाही म्हणून?”