कृत्रिम बुद्धी आणि नैसर्गिक घरमालक

भाड्याचे घर शोधून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अ‍ॅपला मुंबईत किती बाजारपेठ आहे, हा प्रश्न सध्या बऱ्याच हुशार तरुणांना आणि त्यांच्याहून हुशार गुंतवणूकदारांना पडलेला असतो. कागदावर उत्तर सोपे आहे. २०११च्या जनगणनेच्या आधारे केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने सांगितले होते, की मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आहेत आणि या बाबतीत आपला नंबर देशात पहिला आहे. दुसऱ्या बाजूला घर शोधत वणवण फिरणारी माणसे आहेत. ती मोजायला पाहणीची गरज नाही. दोघांची गाठ घालून द्यायची आणि मधल्या मध्ये महिनाभराचे भाडे खिशात टाकायचे, यापेक्षा सरळ धंदा कोणता? हिशेब चोख आहे. फक्त त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: घर रिकामे राहते ते कुणाला सापडत नाही म्हणून. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यात घर सापडणे ही अडचण कधीच नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली किती वर्षे बंद आहे, मुलगा डोंबिवलीला गेला की न्यू जर्सीला, किल्ली कोणत्या मावशींकडे असते, हे खालच्या इस्त्रीवाल्यालाही पाठ असते. मिळत नाही तो होकार. अ‍ॅप मात्र शोधावर बांधलेले आहे.

होकार का मिळत नाही, हे समजायला संगणकशास्त्रापेक्षा भाडे नियंत्रणाचा इतिहास जास्त उपयोगी पडतो. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने शहरातली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धकाळातली तात्पुरती गरज म्हणून जन्मलेली ही व्यवस्था पन्नास वर्षे तात्पुरतीच राहिली. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असे सांगितले, तेव्हा कुठे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि घरमालकांना वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. ज्या खोलीचे भाडे काहीशे रुपये आहे, तिच्यात चार टक्के म्हणजे किती, हे काढायला कृत्रिम बुद्धी लागत नाही. याच कायद्याने पागडीलाही कायदेशीर मान्यता दिली. त्यामुळे आज दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या इमारतींमधल्या बऱ्याच खोल्या ज्याला आपण 'घर' म्हणतो त्या प्रकारात मोडतच नाहीत. मालक असतो, पण त्याला आत पाऊल टाकता येत नाही. भाडेकरू असतो, पण तो स्वतःला मालक समजतो. आणि दोघांच्या मध्ये एक भिंत असते, जिची गळती कुणी थांबवायची यावर दोन पिढ्यांचे भांडण चालू असते.

आता पागडीची एक बंद खोली अ‍ॅपवर चढवून पाहू. पागडीच्या भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर त्याला घराबाहेर काढता येते, हे कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलेले आहे. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही, तरीही त्याच कलमाखाली तो बाहेर. म्हणून खोली भाड्याने देता येत नाही आणि बंदही ठेवता येत नाही. यावर मुंबईकराने शोधलेला उपाय प्रसिद्ध आहे: अधूनमधून कुणीतरी यायचे, पंखा फिरवायचा, विजेचे बिल शून्यावर येऊ द्यायचे नाही, आणि चाळीच्या पूजेला सहकुटुंब हजर राहायचे. अशा माणसाला अ‍ॅप प्रेमाने सांगणार, की खोलीचे चार फोटो काढा, ठिकाण आणि तारीख आपोआप नोंदवली जाईल, अपेक्षित भाडे लिहा. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मालकाचे वकील जो पुरावा मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे शेजाऱ्यांची मनधरणी करतात, तो भाडेकरूने स्वतःच्या हाताने, चांगल्या उजेडात, सर्व कोनांतून तयार करून द्यायचा. या अ‍ॅपला बाजारपेठ नाही असे कोण म्हणेल? फक्त ग्राहक म्हणून वकील धरले पाहिजेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की पागडी सोडा, ओनरशिपच्या फ्लॅटांचे काय? तिथे लिव्ह अँड लायसन्सचा करार करता येतो, मुदत संपल्यावर जागा रिकामी करून घेण्यासाठी कलम २४ची झटपट वाट आहे. खरे आहे. पण १९७३ सालीही करार होतेच. त्या वर्षीच्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेले लायसन्सधारक एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. अकरा महिन्यांसाठी दिलेले घर नातवाच्या लग्नापर्यंत परत आले नाही, अशा कथा त्यानंतर मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत रामरक्षेसारख्या म्हटल्या गेल्या. कायदा बदलून पाव शतक झाले, भीती अजून जुन्याच कायद्याखाली चालते. तिचा पुरावा म्हणजे खुद्द अकरा महिने. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, ती टाळण्यासाठी हा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने प्रत्येक करार नोंदवणे सक्तीचे केले, मुदत कितीही असो. म्हणजे अकरा महिन्यांचे कारण केव्हाच संपले आहे. आकडा मात्र बारा होत नाही. जो समाज बाराव्या महिन्याला इतका घाबरतो, तो यंत्राच्या सांगण्यावरून अनोळखी माणसाच्या हातात किल्ली ठेवेल, ही कल्पना गुंतवणूकदारांना सुचली यात नवल नाही. ते भाड्याने राहत नाहीत.

शिवाय हा प्रयोग झालेला नाही असे नाही. मुंबईत भाड्याचे घर मिळताना नाकी नऊ आले म्हणून पवईच्या आयआयटीतल्या बारा तरुणांनी २०१२ साली हाउसिंग डॉट कॉम सुरू केली. कल्पना आजच्या अ‍ॅपवाल्यांपेक्षा कमी चांगली नव्हती. नकाशावर घर दाखवायचे, माणूस पाठवून खरे फोटो काढायचे, खोट्या जाहिराती बंद करायच्या. डिसेंबर २०१४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने तीत ९ कोटी डॉलर ओतले. जुलै २०१५ मध्ये संचालक मंडळाने संस्थापक राहुल यादव यांनाच घराबाहेर काढले, तेही कलम २४चा आधार न घेता. २०१७च्या सुरुवातीला कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. संकेतस्थळ आजही चालू आहे आणि कामाचे आहे. पण इतक्या पैशांनी आणि इतक्या बुद्धीने जाहिरात सुधारली, नकाशा सुधारला, फोटो सुधारले. घरमालक होता तसाच राहिला. दलाल हटवण्याची प्रतिज्ञा करून नंतर निघालेल्या कंपन्यांच्या महागड्या योजनांत ग्राहकाला एक 'रिलेशनशिप मॅनेजर' दिला जातो. तो फोन करतो, घरे सुचवतो, भाव करतो. त्याला पूर्वी काय म्हणत, ते सांगायला नको.

दलालाबद्दल चांगले लिहिण्याची मराठीत प्रथा नाही, पण तो विकतो काय ते पाहिलेच पाहिजे. त्याच्याकडची यादी कुणालाही मिळेल. तो विकतो ते शिफारसपत्र. दादरच्या आजींना तो सांगतो, की मुलगा बँकेत आहे, आईवडील महिन्यातून एकदा येतात, मासे करतो पण रविवारीच. मुलाला सांगतो, की आजी तोंडाने फटकळ आहेत, पण डिपॉझिट परत देतात. पुढे दोघांचे वाजले तर दोघेही त्यालाच शिव्या घालतात, आणि तो खाऊन घेतो. ही शिव्या खाण्याची सेवा कोणत्याही भाषा-प्रारूपात अजून आलेली नाही. गंमत म्हणजे रेरा कायद्याची नोंदणी प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटाला लागते, भाड्याचे घर दाखवणाऱ्याला नाही. इतक्या मोठ्या विश्वासाचा व्यवहार कोणत्याही परवान्याशिवाय चालतो.

यापुढचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला थट्टेने उडवता येणार नाही. माणूस पूर्वग्रह बाळगतो, यंत्र बाळगत नाही. तेव्हा आडनाव ऐकून फोन ठेवणाऱ्या मालकापेक्षा यंत्र बरे, असे म्हणतात. मुंबईत 'फक्त शाकाहारी', 'फक्त कुटुंब', 'बॅचलर नको' या अटी उघड छापल्या जातात. मराठी माणसाला घर नाकारले की आपण योग्यच संतापतो. पण आपलाच मराठी घरमालक फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा गावाचा विचारतो, तेव्हा ती चौकशी ठरते. धर्म आणि ताटातले जेवण पाहून भाडेकरू नाकारू नये, असे खासगी घरमालकाला थेट बजावणारा कायदा आपल्याकडे नाही. एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा सहकारी संस्थेचा उपविधीही सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात वैध ठरवला. अशा शहराच्या जुन्या व्यवहारांवर यंत्राला शिकवले, तर ते काय शिकेल? अमेरिकेत उत्तर मिळाले आहे. भाडेकरूंना गुण देणाऱ्या सेफरेंट या कंपनीच्या यंत्रणेमुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अर्जदारांवर अन्याय होतो, असा दावा मॅसॅच्युसेट्समध्ये दाखल झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने सुमारे २३ लाख डॉलर देऊन तो मिटवला. आपल्याकडे यंत्राने तोच नकार दिला, तर तो मालकाचा हट्ट राहणार नाही. तो 'जुळणी ३४ टक्के' होईल. आडनावावर भांडता येते. टक्क्यावर कुणाशी भांडणार? माणसाला फसवण्याची तरी सोय होती: 'अशी ही बनवाबनवी'तल्या नायकांनी १९८८ साली साडी नेसून 'फक्त जोडपी' ही अट पार केली होती. (ती गोष्ट पुण्याची, हे मान्य.) आधार क्रमांक मागणाऱ्या अ‍ॅपपुढे साडीचा उपयोग नाही.

याच लालबाग-परळात एकेकाळी अशी व्यवस्था होती, जिच्यात घर शोधायला वेळच लागत नसे. कोकणातल्या गावाच्या मंडळाने चाळीत खोली घेऊन ठेवलेली असे. गिरणीत लागायला आलेला मुलगा बोटीतून उतरून थेट गावाच्या खोलीत येई, ट्रंक भिंतीला लावी आणि वर्गणी भरू लागे. एका खोलीत वीस-तीस माणसे पाळ्यांप्रमाणे झोपत, जेवण खानावळीत. डिपॉझिट नाही, दलाली नाही, पोलीस पडताळणी गावाच्या पारावर आधीच झालेली. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात दुसऱ्या गावच्या माणसाला जागा नव्हती, बाईला नव्हती, आणि परकी जात दाराशीच थांबत असे. म्हणजे आजच्या अ‍ॅपला जे करायचे आहे ते सगळे, त्याच्या दोषांसकट, गिरणगावाने विजेशिवाय करून दाखवले होते. रिकाम्या घरांचा चमत्कारही नवा नाही. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या २०७ चाळी उभारल्या, आणि शहरात जागेची टंचाई असताना त्यातल्या पुष्कळ खोल्या सुरुवातीला ओस पडल्या होत्या. १९३०च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. खोल्या रिकाम्या होत्या. भाडेकरू शेवटी पोलिसांनी आणले.

मग खरी मागणी कुठे आहे? लोअर परळच्या गिरण्यांवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत आहे, हे कबूल. पण तिथे कंपनीच भाडे भरते आणि कंपनीच एजंट ठेवते. शिवाय या धंद्याची गोची अशी, की अ‍ॅपने काम चोख केले तर ग्राहक ते त्याच दिवशी फोनमधून काढून टाकतो. उरतो तो एक वर्ग, ज्याचा उल्लेख कोणत्याही सादरीकरणात दिसत नाही: पुनर्विकासात गेलेल्या चाळींची कुटुंबे. इमारत पाडायची ठरली की सगळे बिऱ्हाड एकाच महिन्यात बाहेर पडते, सगळ्यांना मुलांच्या शाळेजवळ, त्याच बाजारात, त्याच गणपतीपासून हाकेच्या अंतरावर खोली हवी असते, आणि आसपासची भाडी वर चढतात. बिल्डर ठरलेले भाडे काही महिने देतो, पुढे काही ठिकाणी ते थकते. या कुटुंबांना शोध नको आहे, त्यांना थकलेले भाडे वसूल करून देणारी बुद्धी हवी आहे, कृत्रिम असली तरी चालेल. त्या अ‍ॅपमध्ये मात्र बिल्डर पैसे घालणार नाहीत.

म्हणून मूल्यमापनाचा निकाल असा: भाडेकरूसाठी घर शोधणाऱ्या अ‍ॅपला गिरगाव-दादर-परळ-लालबागमध्ये बेताची बाजारपेठ आहे, मालकासाठी माणूस नाकारणाऱ्या आणि भाडे चढवणाऱ्या अ‍ॅपला प्रचंड. अमेरिकेच्या न्याय खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये रिअलपेज कंपनीवर याच कारणासाठी खटला भरला होता, की तिचे सॉफ्टवेअर एकमेकांचे स्पर्धक असलेल्या घरमालकांना भाडी जुळवून घ्यायला मदत करते. आपल्याकडे हे काम सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फुकट होते, एवढाच काय तो धोका गुंतवणुकीला आहे. हेवी डिपॉझिट देऊन, तोंडी बोलीवर, नोंदणीशिवाय राहणाऱ्या वाचकांनी तूर्त अ‍ॅपची वाट पाहू नये, भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ वाचावे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.