स्कायरिममधली पुस्तकं कशी वाचावीत? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (मालवण पावसाळी आवृत्ती)

ही मार्गदर्शिका जून-जुलैसाठी आहे. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाऊस तेवढा कामावर. बाकीचं मालवण पत्ते कुटत असताना तुम्ही लॅपटॉपवर ‘स्कायरिम’ सुरू केलंत. 2011 साली बेथेस्डाने काढलेला हा खेळ ड्रॅगन मारण्यासाठी आहे, असा समज आहे. खरं तर तो वाचनालय आहे. ड्रॅगन फक्त शांततेचा भंग करतात.

पायरी 1: पुस्तक हेरा. पुस्तकं कुठेही सापडतात: सरदाराच्या मेजावर, दरोडेखोराच्या गुहेत, मढ्याच्या उशाशी. दुसऱ्याचं पुस्तक जागेवर वाचलं तर गुन्हा नाही. उचललं की चोरी. विंटरहोल्डच्या विद्यापीठातला ग्रंथपाल उराग ग्रो-शुब तर पुस्तकांना धक्का लावणाऱ्यावर राक्षस सोडायची धमकी देतो. आपल्याकडे एवढी कडक शिस्त असती तर नेलेली कादंबरी शेवटच्या पानासकट परत आली असती.

पायरी 2: आधी सेव्ह करा. पुस्तक उघडताच खेळातला काळ थांबतो. ड्रॅगन हवेत लटकून राहतो. हा नियम घराला लागू नाही. तिकडून “रे झिला, जेवूक ये!” अशी हाक येईल, ती थांबत नाही. लाइटही विचारून जात नाही.

पायरी 3: फुकटचे गुण घ्या, पण लाजा. अठरा कौशल्यं, प्रत्येकाची पाच पुस्तकं. अशा नव्वद पुस्तकांतलं कोणतंही नुसतं उघडलं तरी त्याचं कौशल्य एका पायरीने वाढतं. वाचायची गरज नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चाळून पास झालेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांनी पान उलटावं.

पायरी 4: लिहिणारा कोणाच्या पदरी आहे, ते बघा. ही मुख्य पायरी, बाकीच्या तोंडी लावायला. ‘साम्राज्याचा संक्षिप्त इतिहास’ या अर्थाचं चार खंडांचं पुस्तक वाचाल, तर टायबर सेप्टिम हा थोर सम्राट. लेखक सरकारी इतिहासकार, तेव्हा दुसरं काय लिहिणार? मग ‘द आर्क्टुरियन हेरेसी’ उघडा: त्यातला सम्राट दुसऱ्यांच्या पराक्रमावर मोठा झालेला आणि विश्वासघातकी. खरं कोणतं? खेळ सांगत नाही. कंपनीने मुद्दाम सांगितलेलं नाही.

राणी बॅरेंझियाचंही तेच. दरबारी लेखकाचं तीन खंडांचं चरित्र सोवळं. निनावी ‘द रिअल बॅरेंझिया’ भानगडींनी भरलेलं. याच मालिकेतल्या 1996 च्या ‘डॅगरफॉल’मध्ये ते फारच मोकळं होतं, पुढच्या खेळांत त्याला कात्री लागली. आणि 2002 च्या ‘ट्रायब्युनल’मध्ये कळतं, की निनावी लेखक त्याच राणीच्या राजवाड्यात राहतो!

मराठी वाचकाला हे जड जाऊ नये. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, ती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत. याच राजाराम महाराजांनी सिंधुदुर्गावर शिवराजेश्वराचं देऊळ बांधलं. मल्हार रामराव चिटणीसाने आपली बखर लिहिली ती शंभरावर वर्षांनी, सातारच्या दरबारात. दोघांचं शिवचरित्र हातात घेताना आपण कोण, कधी, कोणासाठी हे तीन प्रश्न विचारतो. स्कायरिममध्येही तेच विचारा.

पायरी 5: देवाचं पुस्तक दोनदा वाचा. याच मालिकेतल्या ‘मॉरोविंड’मध्ये विवेक नावाचा जिवंत देव छत्तीस प्रवचनं लिहून मोकळा होतो. पहिल्या वाचनात डोकं फिरतं. मग छत्तिसाव्या प्रवचनाच्या परिच्छेदांची इंग्रजी आद्याक्षरं ओळीने लावा: ‘फाउल मर्डर’. अख्खी पोथी स्वतःच्या गौरवाची, आणि कडेला कबुली. मायकल कर्कब्राइड या लेखकाचा हा खोडसाळपणा. गजाली ऐकत वाढलेल्याला तो लवकर उमगतो. आपल्याकडेही गजाल सांगणारा मुद्द्याचं वाक्य विडी पेटवताना बोलतो.

धोक्याची सूचना. ज्यावरून मालिकेचं नाव पडलं, ती एल्डर स्क्रोल हाती आली तर उत्साह आवरा. ती वाचण्यात आयुष्य घालवणारे भिक्षू शेवटी आंधळे होतात. आपल्यालाही क्षणभर पडद्यावर नीट काही दिसत नाही. लाइट गेली समजून इन्व्हर्टर बघायला उठू नका.

स्वाध्याय

1. कारणे द्या: दरोडेखोराच्या गुहेतलं पुस्तक कधीच फाटलेलं नसतं.

2. योग्य की अयोग्य: राजाचं चरित्र राजाच्या पगारी नोकराने लिहावं.

3. उपक्रम: जमिनीच्या वाटणीची हकीगत आधी बाबांकडून ऐका, मग काकांकडून, दोघांना वेगवेगळ्या पडवीत बसवून. दोन्ही लिहून काढा. खरी कोणती, हे ठरवायची घाई करू नका. त्यासाठी कुडाळ-ओरोसला तारखा पडतायत. तोवर ड्रॅगन थांबेल.