गाव शांत नाही, तुम्ही दुपारी आलात

पर्यटक दोन दिवसांत मालवणला कंटाळतो. तारकर्लीत बोटीला रांग, जेवणाच्या थाळीला रांग, देवबागच्या संगमावर तर फोटो काढायलाही रांग. गर्दी नको म्हणून पुण्या-मुंबईहून आलेली सगळी गर्दी तिथे एकमेकांकडे रागाने बघत उभी असते. मग गाडीत ठराव होतो, 'एखादं शांत गाव बघू या. नदीकाठचं.' आणि गाडी मसुऱ्याच्या रस्त्याला लागते.

दुपारचे दोन वाजलेले असतात. गड नदी कालावलच्या खाडीकडे सावकाश सरकत असते, काठावर माड, होडी खुंटाला बांधलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. 'किती शांत!' असं म्हणत मोबाइल बाहेर येतो, आणि पुढच्या पाच मिनिटांत 'अनएक्सप्लोर्ड कोकण' नावाचं रील तयार होतं. अनएक्सप्लोर्ड! अहो, या काठावर भरतगड आहे आणि पलीकडे बांदिवड्यात भगवंतगड. अठराव्या शतकात सावंतवाडीचे सावंत इकडून आणि कोल्हापूरकरांची माणसं तिकडून एकमेकांवर डोळे वटारून बसली होती. मध्ये हीच नदी. १८१८ मध्ये इंग्रजांनी दोन्ही गड घेतले तेव्हा कुठे तो शेजारधर्म संपला. आता भरतगडाच्या तटाआत आंब्याची बाग आहे.

गाव शांत वगैरे काही नाही. गाव जेवून आडवं झालंय, एवढंच. पहाटे उठलेला माणूस दुपारी निजणार नाही तर काय तुमच्यासाठी नाचणार? चारनंतर या. मच्छीवालीची हाक, एसटी चुकलेल्याची बोंब, आणि बांधावरून भावाभावांत पिढीजात चाललेला वाद, ज्याची तारीख कोर्टात आणि आवाज तिठ्यापर्यंत. रात्री राहिलात तर खाडीतल्या वाळूचे डंपर ऐकायला मिळतील. ते रीलमध्ये येत नाहीत.

आणि आवाजाची खरीच हौस असेल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला या. ही आंगणेवाडी मसुऱ्याचीच वाडी. जत्रेची तारीख कॅलेंडरवाल्यांच्या हातात नाही, देवीचा कौल झाला की ठरते. मग मुंबईतला चाकरमानी रेल्वेचं आरक्षण मिळवायला धावतो आणि मंत्री हेलिपॅडची चौकशी करतात. लाखांनी माणसं येतात. त्या दिवशी कुणी 'शांत गाव' म्हणालं तर खाज्याच्या दुकानातला माणूस हातातला तराजू खाली ठेवेल.

आमच्या पाहुण्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" टपरीवालीने आधी गाडीचा नंबर बघितला, मग माणसं. "हय काय आसा बघूक? तुमी खयसून इलास?" पुणं म्हटल्यावर तिने पुण्यातला भाचा काढला, त्याची कंपनी काढली, त्याचं अडलेलं लग्न काढलं आणि पाहुण्यांच्या मुलीचं शिक्षण विचारून घेतलं. शांतता शोधायला आलेली मंडळी चहा अर्धवट टाकून गाडीत बसली.

अगदीच निःशब्द गाव हवं असेल तर तेही याच तालुक्यात मिळतं. आचरा, चिंदर या गावांत काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातं. घरांना कुलपं, रस्ते मोकळे, देवळातही कुणी नाही. वेशीबाहेर मात्र रात्रभर भजनं, फुगड्या आणि गजाली. तेव्हा या, गाव अगदी तुम्हाला हवं तसं असेल. फक्त आत जायचं नसतं.